एकही मत न मिळालेली कविता

बाबा, नमस्कार.

मात्सुयामात गारठा वाढलाय आणि संत्री पिकलीत. हवामान सांगितल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचत नाही, म्हणून ते आधी उरकलं.

काल आमची हायकूची बैठक झाली. बिननावाच्या कविता वाचायच्या, आवडेल ती निवडायची, मग कवीने आपलं नाव पुकारायचं, एवढी साधी रीत. पण माझे शिष्य कविता निवडतच नाहीत, बाईंची, म्हणजे माझी, कुठली ते हुडकत बसतात! काल सगळ्यांनी बर्फ, देऊळ, बगळा असली एक नटवी कविता उचलली. वाहवा संपल्यावर होरिउचीकाका लाजत म्हणाले, "माझी हो ती." सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

माझ्या कवितेला एकही मत नाही. वर सुगावाबाई म्हणतात, "फोनवर हात ठेवून कोण खोकतं? ओढूनताणून आणलंय नुसतं!" कविता निवडली गेली नाही, तर कवीने नाव सांगायचं नसतं. दातओठ खात मीही मान डोलावली.

आई बरी आहे ना? छपरावरचा बर्फ काढायला शेजारच्यांना बोलवा. स्वतः शिडीवर चढलात तर बघा!

आणि रविवारी माझा फोन आला की "थांब हं, दारावर कोणीतरी आलंय" हे बंद करा. तुमच्या दारावर दर मिनिटाला कोण येतं हो? फोनवरचा हात काढा आणि काय खोकायचं ते मोकळेपणाने खोका. हात ठेवलात तरी मला ऐकू येतं, बाबा.

तुमची वैतागलेली,
चिगुसा