भिंतीवरचे लोखंडी फूल न काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
सुशोभीकरण विभाग, जुने शहर.

विषय : माझ्या घराच्या दर्शनी भिंतीवरील लोखंडी फुलाचा नट आपल्या माणसांनी फिरवू नये, याबाबत.

संदर्भ : आपल्या मुकादमांनी शिडीवरून दिलेली तोंडी समज, आज सकाळी.

महोदय,

१. मी शिवणकाम करते. वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत, अंथरुणाला खिळलेले माझे सासरे असतात. त्यांच्या डोक्यावरून भिंतीपासून भिंतीपर्यंत एक लोखंडी सळई जाते. ती कपडे वाळत घालण्यासाठी आहे, असा आमच्या घराचा आजवरचा समज होता.

२. गेल्या आठवड्यात शेजारच्या बुकबाइंडरांच्या भिंतीवरचे असेच फूल "गंजका दागिना" म्हणून काढण्यात आले. त्याच संध्याकाळी त्यांच्या सळईवरची ओली चादर सळईसकट खाली आली. आता त्यांची भिंत गरोदर बाईसारखी पुढे आली आहे आणि ते बिऱ्हाडासह मेहुण्याकडे राहतात. फूल हा दागिना नव्हे, सळईचे टोक आहे. दोन भिंती एकमेकींना धरून आहेत त्या तिच्याच जोरावर.

३. हे मुकादमांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, माझ्याकडे तोंडी चालत नाही. लेखी हरकत लिहिली जात असेल तोवर नटाला हात लावणार नाही, नियम आहे. पण अर्ज लिहून संपला की साहेबांच्या कागदासाठी थांबायला मी बांधील नाही."

४. म्हणून मी लिहीत आहे. मुकादम खिडकीबाहेर फळीवर, हातात पाना घेऊन, माझ्या पेनाकडे बघत आहेत.

५. या रस्त्यावर आपल्या यादीत नसलेल्या इतरही वस्तू आहेत. वळणावर गुडघ्याएवढा गोल दगड आहे. गाडीचे चाक घराला घासू नये म्हणून तो बसवलेला. आपण त्याला पिवळा रंग दिला.

६. बुकबाइंडरांच्या उंबऱ्याजवळ बूट खरवडायची पट्टी. समोर घोडे बांधायची कडी. तिच्याखालचा दगड दोरीने झिजला आहे.

(येथे पेनातील शाई संपली. मुकादमांनी पाना उचलला. माझ्या नणंदेने शिवणयंत्रावरची पेन्सिल माझ्याकडे फेकली आणि मुकादमांना सुनावले, "दादा, घर पडल्यावर रंग कुठं लावणार? हवेला?" उर्वरित अर्ज पेन्सिलीत आहे, क्षमा असावी.)

७. तिसऱ्या घराची मधली खिडकी खोटी आहे. विटांवर रंगवलेली. तिचे गजसुद्धा रंगाचे.

८. मला आता आठवेनासे झाले आहे. भिंत रंगवायला आलेले आपले रंगारी मदत करत आहेत. एकाने वरून ओरडून सांगितले, "ताई, पायरीवरचा खड्डा लिहा, सुऱ्या घासून पडलाय!" लिहिला. दुसरा म्हणाला, "तो आपण कालच सिमेंटनं बुजवला की रे." तेही लिहिले. मुकादमांनी दोघांना दम दिला, पण पाना खिशात ठेवला.

९. सासऱ्यांना हलवता येत नाही, जिना अरुंद आहे. ते पडल्यापडल्या सांगत आहेत, "सूनबाई, अक्षर मोठं काढ. ओळी सैल सोड."

१०. माझे यजमान आधीची पाने घेऊन सायकलवर आपल्या कार्यालयात जाऊन आले. आपल्या लिपिकाने ती परत केली. सहीशिवाय अर्ज अपूर्ण, अपूर्ण अर्ज घेता येत नाही.

११. सही केली तर अर्ज संपतो. अर्ज संपला तर नट फिरतो. नाही केली तर आपणास काही कळतच नाही. महोदय, या दोन नियमांच्या मध्ये एक म्हातारा माणूस झोपला आहे.

१२. यावर मी पुढीलप्रमाणे तोड काढली आहे. या पानावर सही करून ते आधीच्या पानांसह पाठवत आहे. अर्ज मात्र संपलेला नाही. मुद्दा तेरा दुसऱ्या कागदावर सुरू केला असून तो मुकादमांना दाखवला आहे. त्यांनी डोके खाजवले व ते फळीवर बसले. कागद संपल्यास कापडाच्या तुकड्यांवर खडूने लिहीन. हात दुखला तर नणंद लिहील. आपण कृपया उत्तर पाठवू नये, स्वतः यावे.

आपली,
अजून लिहीत असलेली,
(सही)
शिवणकामवाली, गोल दगडापासून दुसरे घर
दिनांक : आजचाच

सोबत :
१) बुकबाइंडरांच्या भिंतीचा पोपडा, एक.
२) अर्जाचा उरलेला भाग. जागेवर चालू आहे.