शेठसाठी जास्वंद

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा सरडा, म्हणजे आमचे शेठ, बरे आहेत. वाळक्या फांदीवर बसून एक डोळा माझ्यावर आणि एक बाबांच्या पलंगावर ठेवतात. वाटीतल्या पाण्याकडे ढुंकून बघत नाहीत. पानावर थेंब हलला तरच जीभ बाहेर येते, म्हणून मी कोबीचं पान ओलं करून धरून उभी असते. हात भरून येतो रे.

तू म्हणतोस तशी पिंजऱ्यात खरी झाडं लावते. झाडं लागली की तू येऊन शेठना आणि बाबांना सांभाळणार आणि मी मोकळी, असं ठरलंय ना आपलं? शहरातल्या कवळ्या बनवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझी नोकरीची जागा एप्रिलअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. दोन वर्षांत मी बाजाराच्या पुढे गेले नाही. रोपवाटिकेतून सुरेख कण्हेर आणली आहे. चालेल का ते लगेच कळव.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
धाकटी

१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अगं बये, कण्हेर विषारी असते. शेठ पानं चावून बघतात, आधी ती घराबाहेर काढ. जास्वंद आण. पण विकतच्या रोपावर औषध मारलेलं असतं, तेव्हा सगळी माती बदल, पानं धू आणि नवी पानं फुटेपर्यंत रोप बाहेरच ठेव. मातीवर मोठे गोटे पसर, बारीक खडे ते गिळतील.

इकडे पुलाचं काम अंगावर आलंय, साहेब श्वास घेऊ देत नाहीत. तू मात्र घाई करू नकोस. तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रात काय लिहायचा.

तुझा,
दादा

२५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जास्वंदीला सात नवी पानं आली. रोज मोजते, दुसरं काय करणार. मग तुला एक झाड विरळ वाटलं, म्हणून मनीप्लांट आणला, मुळं धुतली. आता लिहितोस की त्याचा चीक झोंबतो, तिसरं काहीतरी बघ, आणि तू पावसाळ्यानंतर येशील. रोपवाटिकेतला माळी तर म्हणाला, मनीप्लांट खुशाल ठेवा.

काल बाबांना कुशीवर वळवताना खिडकीतून बस जाताना दिसली आणि मला रडू आलं. बाबांचा राग नाही, शेठचाही नाही. तुझा आहे. तू झाडं निवडतोयस की दिवस ढकलतोयस? लोभ ठेव, आणि तारीख कळव.

धाकटी

१४ एप्रिल

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. धाकटी तुझी पत्रं मला वाचून दाखवते. गेल्या आठवड्यातल्या पत्रात तू पिंजऱ्याची जाळी बदलायला सांगितलीस. तिने ते घडी करून ठेवलं आणि माझी चादर बदलली. मला ते सोसवलं नाही.

लहानपणी शाळेत जायचं नसलं की तू बुटाची नाडी बांधत बसायचास. कधी सैल झाली म्हणायचास, कधी घट्ट, पार घंटा होईपर्यंत. तुझी ही झाडं मी तेव्हापासून ओळखतो. तुला या पलंगाची भीती वाटते. मलाही वाटते. पण मला इथून उठता येत नाही, तिला येतं.

मीच तिला जा म्हणालो. तीन दिवस भांडली, मग ऐकलं. सोमवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळच्या बसने ती निघेल. माझी काळजी नको. शेजारच्या शिंपीणबाई दोन्ही वेळ जेवण देतील, त्यांचे यजमान मला उठवून बसवतील. पण पिंजऱ्याला हात लावणार नाही, असं बाईंनी आधीच बजावलंय, आणि यजमान त्यांच्याही मागे लपतात.

जास्वंद झकास वाढली आहे. शेठ दिवसभर तिच्यातच असतात. पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं लागतं आणि माझा हात तिथवर पोचत नाही. लोभ असू दे, पण आधी तिकीट काढ.

तुझे,
बाबा

ता. क. सोमवारी सकाळचं पाणी ती शिंपडून जाईल. संध्याकाळचं तुझ्याकडे.