उशिरा दिलेलं कॅल्शियम

तीर्थरूप बाबांना, दुरूनच नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. तुमची बीपीची गोळी चुकत नाही ना?

चार वर्षं तुम्ही माझ्याशी अबोला धरलात, तुमच्या धाकाने आईनेही. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर "झालं गेलं विसर, घरी ये" म्हणता. म्हणून प्रयोगशाळेतली एक गंमत सांगते.

उंदराचं काढलेलं हृदय क्षारांच्या पाण्यावर बराच वेळ धडधडत राहतं. काल त्या पाण्यात मी कॅल्शियम घालायला विसरले. त्याशिवाय स्नायू आवळत नाही, हृदय थांबलं. चूक कळताच मी घाईघाईने कॅल्शियम दिलं. हृदय धडधडलं नाही. एकदाच मुठीसारखं आवळलं आणि तसंच दगड होऊन मेलं. कॅल्शियम चांगलंच होतं, बाबा. वेळ गेली होती.

शेजारच्या भांड्यातला आतड्याचा तुकडाही तेवढाच उपाशी होता. तो मात्र कॅल्शियम मिळाल्यावर सावकाश पुन्हा हलू लागला.

आईला पाठवा, मी स्टेशनवर घ्यायला येईन. तुम्ही येऊ नका.

गोळी घ्या.

तुमची धाकटी