एका जागेची तयारी

४ मार्च
निवासी शाळा आमच्या भागातून यंदा एकच मुलगी घेणार. मुलाखतीवर. माझी लेक आणि तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंची मुलगी – दोघी रोज आमच्याच टेबलावर अभ्यास करतात. ताईंची मुलगी जास्त हुशार आहे. बातमीत हे वाक्य बिनदिक्कत लिहिलं असतं. इथे पेन अडलं!

९ मार्च
गेल्या वर्षी मुलाखती घेणारा एक जण कॉलेजातला मित्र निघाला. सहज फोन केला. आम्हां वार्ताहरांना 'सहज' फार चांगलं जमतं. शब्द टाकू नकोस म्हटलं, काय विचारतात तेवढं सांग. उद्या चहाला येतो म्हणाला. ह्याला वशिला म्हणत नाहीत. संस्कृतात स्नेह म्हणतात.

१० मार्च
ताईंच्या मुलीला म्हटलं, आज नको येऊस, पाहुणे यायचेत. खोटं नव्हतं. पाहुणा एकच होता, बहुवचन आदरार्थी. "बरं, काका" म्हणून दप्तर घेऊन जिना उतरली.
मित्राने लेकीला घोटवलं – उत्तर येत नसलं तर 'नक्की माहीत नाही, पण मला असं वाटतं' म्हणायचं. गप्प मात्र बसायचं नाही.
तो गेल्यावर लेक म्हणाली, "मग तिला हे कोण सांगणार?"
मी पेपर वाचत होतो. माझीच बातमी.

११ मार्च
तिला सांगू नकोस, असं मी म्हटलेलं नाही. 'आयत्या वेळी तिचं डोकं भंडावू नकोस' – एवढंच.

१८ मार्च
मुलाखती झाल्या. ताईंची मुलगी एका प्रश्नाला अडली, ती गप्पच बसली.
लेकीला मुलाखतीत त्यांनी विचारलं, तयारी कोणी करून घेतली? तिने सगळं सांगून टाकलं. मैत्रिणीला परत पाठवलं, तेसुद्धा. घरी येऊन म्हणाली, "आता घेत नाहीत मला, बाबा. बरं झालं."

२२ मार्च
घेतलं! मित्राचा फोन – पोरीचा प्रामाणिकपणा सगळ्यांना भावला म्हणे. पाप माझं, त्याचेही गुण आमच्याच घरात.
लेक म्हणते, जाणार नाही. दार लावून बसली आहे.

२५ मार्च
शाळेला होकार कळवून आलो. लेकीला अजून सांगितलेलं नाही.
ताई जिन्यातच भेटल्या. गणवेश मीच शिवणार, कापड दुसरीकडे टाकलंत तर बोलणार नाही, म्हणाल्या. मापासाठी लेकीला खाली कसं न्यावं, ह्या विचारात मी घुटमळलो.
"तिला कशाला त्रास? माझ्या पोरीवर बेतते की. दोघी एकाच मापाच्या."