कौतिकच्या चारावर माझे दोन

१३ जानेवारी, धुळे, दवाखाना
उद्या ऑपरेशन. फुप्फुसाभोवती साचलेला पू दुर्बिणीतून काढणार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधीपासून दुखतं? भीती वाटते? झोप लागते? भीती नाही, दुखत नाही, झोप उत्तम, असं सांगितलं. शेजारी साडू उभा होता, कौतिक. त्याचं हेच ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. म्हणतो, "नाना, मुंगी चावस तितलंच दुखस."
झोप येत नाही. नामस्मरण चालू.

१५ जानेवारी
मुंगी नव्हे, विंचू. बरगड्यांमधून नळी घातलीय. श्वास घेतला की कळ. सिस्टरने विचारलं, शून्य ते दहा, किती दुखतंय? कौतिक मध्येच बोलला, "माले तं चार व्हतं." मी दोन सांगितलं. सिस्टर खूश. इंजेक्शन कमी केलं.
खरं म्हणजे नऊ.

१६ जानेवारी
कौतिकवर सूड उगवायचा. रागाने नाही, शांत चित्ताने. मुक्ताई, त्याला सुबुद्धी दे. पण आधी कळ दे.

२१ जानेवारी, अमळनेर, घरी
बायको म्हणते, गोळ्या घ्या, हात भिंतीवर सरकवत वर न्या. तिला योजना ठाऊक नाही. तपासणीला कौतिकला सोबत नेणार. मुंगीची गोष्ट खोटी होती, हे त्याच्यासमोर डॉक्टरीणबाईंच्या तोंडून वदवून घेणार. पुरावा ताजा हवा. म्हणून गोळ्या बंद. हात हलवणं बंद.

२६ जानेवारी
घात. भजनी मंडळाच्या चिंधा आबांनी माझा मृदंग कौतिककडे दिला. "एकादशीपुरताच रे," म्हणाले. आवाज घुमावा म्हणून मृदंगाला कणीक किती लावायची, हे त्याला शिकवलं कोणी? मीच. एकादशीला मीच वाजवणार. कौतिक टाळ कुटेल.

३ फेब्रुवारी, धुळे
तपासणी. डावा हात खांद्यापर्यंतही गेला नाही. पुरावा उत्तम. मी दहा सांगितलं आणि कौतिककडे बोट दाखवलं.
बाई म्हणाल्या, आधीपासून दुखणं, भीती, झोप नसणं, असं असलं की नंतर जास्त दुखण्याचा धोका असतो, म्हणूनच विचारलं होतं. पहिल्या दिवसांतच दुखणं दाबलं नाही, तर नसा ते धरून बसतात. गोळ्या का बंद केल्या? आणि तुम्ही तर दोन म्हणाला होतात ना?
कौतिक म्हणाला, "वाघ शे आमना नाना!"
मृदंगाला दोन महिने हात लावायचा नाही, असं ठरलं. ठरवलं बाईंनीच.

४ फेब्रुवारी
गोळ्या सुरू. ही माघार नव्हे. ताकद जमवतोय.

८ फेब्रुवारी, एकादशी
भजनाला गेलो. आबांनी टाळ पुढे केले. एका हाताने टाळ वाजत नाहीत. बायाबापड्यांच्या मागे भिंतीला टेकून बसलो. कौतिकचा ठेका चुकावा म्हणून डोळे मिटले. लोकांना वाटलं, नाना रंगले. ठेका चुकला नाही. आबा दोनदा "वा!" म्हणाले. माझ्या वेळी एकदाच म्हणत.
दोन अभंगांच्या मधे कौतिक उठून आला. पिशवीतून छोटी उशी काढली, माझ्या काखेत सरकवली. म्हणाला, "कोपर हाईवर ठेव, नाना. माले हिनाशिवाय झोपच लागे ना."
ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा कळ थांबली.
हे त्याला सांगायचं नाही.