पाडव्याला मागितलेले दोन दिवस

उल्का,

आज लवकर हॉस्पिटलला गेलोय. एप्रिलपासून आठवड्याला तीनच दिवस काम करीन, गुरुवार-शुक्रवार घरी राहीन, असं सांगणार आहे.

पुरेशी बचत झाली की काम कमी करतो, म्हणायचो ना? ती चार वर्षांपूर्वीच झाली. तुला बोललो नाही, कारण घरी बसायची मला भीती वाटायची. दर पाडव्याला ओवाळणीत तू आठवड्यातले माझे दोन दिवस मागायचीस. यंदा एअर फ्रायर मागितलास, आणि मी चक्क ‘सुटलो!’ म्हणालो. त्याची लाज वाटते.

गुरुवारी तुझं भजनी मंडळ, शुक्रवारी स्लाऊला राहणाऱ्या मैत्रिणी. त्यात काही बदलू नकोस. फक्त परतल्यावर किल्ली असली तरी बेल वाजव. दार मी उघडीन.

अंबरीश