राखीव खेळाडूचा उन्हाळा

मॉरिसव्हिल, ४ ऑगस्ट २००८

प्रिय कुश,

पत्र मराठीत आहे, तेव्हा ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाच. इंग्रजीत लिहिलं की मी फार सभ्य वाटते, आणि आज तसा विचार नाही.

पुढच्या शनिवारी तुझ्या अनिकाचे आईवडील टेक्सासमधल्या प्लेनोहून तुमच्याकडे जेवायला येताहेत. तुझ्या आईने आत्तापासून पडदे धुतलेत, मेन्यू पुन्हा पुन्हा बदललाय आणि मला तंबी दिलीय की ताई, पाहुण्यांसमोर जरा जपून. पण खरी तंबी तुझी निघाली! आई, प्लीज, डोन्ट मेक इट अ थिंग, बेसबॉलचा विषय काढू नका, कॉलेज झालं आणि रेडमंडला जॉब लागला एवढंच सांगा, असं म्हणालास म्हणे. मग मधली वर्षं काय हिमालयात होतास?

दोन हजार सहाचा तो उन्हाळा आठव. संघ छोट्या लीगचा, गाव त्याहून छोटं. जन्मभर क्रिकेट बघितलेले तुझे बाबा पहिल्यांदा तुझा सामना बघायला गेले. तू कुंपणाजवळच्या बाकावर बसून, आत कोणी बोलवत नाही. त्यांनी ठरवूनच टाकलं, पोराला राखीव ठेवलंय. पार्किंगमध्ये गर्दी नको म्हणून आठवी इनिंग संपताच ते उठायचे आणि घरी आल्यावर तुला फोन करून धीर द्यायचे, लागेल हो नंबर. तू नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला चेंडू टाकायला उतरून सामने जिंकून देत होतास आणि हा गृहस्थ तेव्हा हायवेवर! शेवटी एकदा शेजारच्या धिप्पाड गोऱ्याने त्यांना खांदा धरून खाली बसवलं. सर, सिट डाउन, दॅट्स युअर बॉय! तोवर बाबांचं त्याला तुझ्या शाळेतल्या मार्कांपर्यंत सगळं ऐकवून झालं होतं.

मग काय, आख्खं मराठी मंडळ यायला लागलं. तुझं काम शेवटी, त्यामुळे सातव्या इनिंगला पोचूनही आमची माणसं आयुष्यात प्रथमच वेळेवर. पर्समध्ये चिवडा. समोरचा फलंदाज हुकला की पुरुषोत्तमकाका उभे राहून एलबीचं अपील करायचे. सप्टेंबरपर्यंत तुझ्या हातून एकही जिंकत आलेला सामना निसटला नाही, आणि बाबा ऑफिसात अनोळखी माणसाला थांबवून नवव्या इनिंगमधल्या पिचरचं काम समजावत होते.

पुढच्या वर्षी खांदा गेला, संघाने सोडलं. वाईट झालं, मला माहीत आहे. पण तू म्हणतोस, इट वॉज जस्ट वन सीझन. अरे, आमचे पुरुषोत्तमकाका कॉलेजच्या एकांकिकेतल्या उत्तेजनार्थ बक्षिसावर गेली पस्तीस वर्षं जगताहेत! सत्यनारायणाच्या पूजेलाही त्यातला उतारा म्हणतात. आणि तू आख्खा उन्हाळा लाज वाटल्यासारखा गिळून टाकणार? अनिकाला तू सांगितलंयस, ती हसत नाही. मग तिच्या वडिलांना कशाला घाबरतोस?

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. काल कोथिंबीर द्यायला गेले, तर तुझे बाबा हॉलमध्ये स्टुलावर चढून भिंतीवरचा तुझा फोटो काढत होते. तोच, शेवटच्या सामन्यानंतर सगळा संघ तुझ्या अंगावर पडलाय तो. फडक्याने पुसला, चादरीत गुंडाळला, कपाटात ठेवला. मी विचारलं, तर म्हणाले, कुशला नकोय ना. मग सोफ्यावर बसून पाहुण्यांशी काय बोलायचं याची तयारी करायला लागले. टेक्सासमध्ये उन्हाळा फार कडक असतो का हो? एवढं एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. या माणसाने आयुष्यात स्वतःची फुशारकी कधी मारली नाही, कुश. मारली ती फक्त तुझी, त्या एका वर्षात. तेव्हा आईला नको, त्यांना फोन कर. समजावत बसू नकोस. बाबा, फोटो परत लावा, एवढंच म्हण. स्टूल मी तिथून कोणाला हलवू दिलेलं नाही.

तुझीच, पण या वेळी तुझ्या बाबांच्या बाजूची,
सुनेत्रामावशी